टोपली, टँकर आणि सुपरमॅन

विरारनं देशाला एक सुपरमॅन दिला आहे आणि त्याचं विस्मरण खुद्द विरारकरांनाच झालं आहे. 1988 सालच्या 'दरिया दिल'मध्ये गोविंदा निळा पोशाख घालून, पाठीला लाल कापड बांधून एका गाण्यात उडतो. सोबत स्पायडरमॅनच्या धर्तीचा वेश केलेली किमी काटकर. 'विरार का छोकरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोरानं जग वगैरे काही वाचवलं नाही. नाचला, लाडीगोडी केली, गाणं संपलं. त्या उड्डाणात काय दडलंय, असं त्या काळी कोणी विचारलं नाही. आज ते गाणं आलं असतं तर निळा म्हणजे विष्णू नि लाल म्हणजे रजोगुण, असा बारा मिनिटांचा व्हिडिओ आठवडाभरात निघाला असता आणि सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये कोणीतरी त्याचा इअरफोन माझ्या कानात खुपसला असता.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. एवढ्या वेळात कोणत्याही विषयावर दोन तट पडतात, तसे आमच्या डब्यात सुपरहिरोंवरूनही पडले आहेत. एका बाजूला दादरला उतरणारे, निवृत्तीला आलेले एक अण्णा. त्यांच्या मते हे सिनेमे म्हणजे चड्डी पॅंटवरून घालणाऱ्या गोऱ्यांचा पोरखेळ. त्यात अर्थ शोधणं म्हणजे पाण्यातून लोणी काढणं. दुसऱ्या बाजूला अंधेरीला उतरणारा, आयटीतला एक तरुण. त्याच्या मते प्रत्येक चौकटीत खूण पेरलेली आहे, ती फक्त जाणत्यालाच दिसते आणि उकलत गेलं की शेवटी आपलंच पुराण सापडतं. "काका, तुम्ही वरवरचं बघता," असं तो मला सांगतो. मला दोघांचंही पटत नाही. दोघांच्या बोलण्यातून सिनेमाच गळून पडतो.

अण्णांचं खंडन सोपं आहे, म्हणून आधी उरकतो. मुखवटा गोऱ्यांनी आणला हे खरं नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळा पहाड अण्णांनीच लहानपणी वाचनालयातून आणून अंथरुणात वाचलेले आहेत. 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा फँटम मराठीत आला तेव्हा त्याचं नाव 'वेताळ' ठेवलं गेलं. ज्यानं ते ठेवलं, त्याला मी मानतो. दक्षिण कोकणात नि गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. रात्रीचा राखणदार ही कल्पना ज्या मुलखात इतकी जुनी आहे, की त्याच्या पायताणाचाही हिशेब ठेवला जातो, तिथं त्याला परका पोरखेळ म्हणायचं? आणि मराठीनं स्वतःचाही प्रयत्न केलाच: निखिल महाजनचा, श्रेयस तळपदेचा 'बाजी', 2015.

पोरखेळाच्या आरोपाला अण्णांना न आवडणारं आणखी एक उत्तर आहे. 1938 साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, तेव्हा तो परग्रहवासीयांशी लढत नव्हता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो धडा शिकवतो, लाच देणाऱ्यांच्या मागे लागतो. आठव्या अंकात, 1939 च्या जानेवारीत, तो एक अख्खी मोडकळीला आलेली वस्ती पाडतो. त्याचा डाव असा, की ती उद्ध्वस्त झाली म्हणजे सरकारला तिथं चांगली घरं बांधावीच लागतील, आणि कथेत ती बांधलीही जातात. 2025 च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या गेल्या. गोष्टीचा पूर्वार्ध आम्ही पाहिला आहे. उत्तरार्धाच्या अंकाची वाट बघतो आहोत.

आता गूढार्थवाला पक्ष. याच्याशी जरा बसून भांडावं लागेल, कारण तो मूर्ख नाही. त्याचा लाडका पुरावा म्हणजे टोपली. सुपरमॅनचा क्रिप्टन ग्रह नष्ट होताना आईबाप तान्ह्या बाळाला यानात घालून पाठवून देतात. ही तर यमुनेतली टोपली! वसुदेव, बाळकृष्ण, नंदाचं घर. इकडे कॅन्सासचं शेतकरी जोडपं. सापडलं की नाही? कोणी म्हणतो, नाही, ही नाईलमधली मोशेची टोपली. कोणी कर्णाची पेटी काढतो. सगळ्यांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच कोणाचंच काही सिद्ध होत नाही. नदीकाठच्या सगळ्याच लोकांना मूल आणि पूर या दोन गोष्टी ठाऊक असतात.

टोपली कुठून निघाली यापेक्षा ती पुढे काय करते ते बघावं. कृष्ण मथुरेला परत जातो, कंसाला मारतो. मोशे आपल्या लोकांकडे परत जातो. अवताराला परतीचं तिकीट असतं. सुपरमॅनला ते नाही, कारण त्याचं गावच उरलेलं नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडमधल्या स्थलांतरित ज्यू घरांतली दोन मुलं. त्यांनी घडवलेला हा माणूस परक्या मुलखात दोन नावांनी जगतो. एक घरचं, एक कचेरीतलं. चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करतो, आपली खरी ताकद लपवतो, म्हणजे लोक घाबरणार नाहीत. याला विष्णूचा अवतार म्हटलं की मूळ दुखणंच झाकलं जातं. 1982 च्या संपानंतर गिरणगावातली जी कुटुंबं स्वस्त खोली शोधत विरार-नालासोपाऱ्याला आली, त्यांच्या पोरांना हा सुपरमॅन न सांगता कळायला हवा. त्यांनी तरी त्याच्यात देव शोधू नये. तो त्यांच्याच चाळीतला आहे.

म्हणजे मला म्हणायचंय ते इतकंच, की अर्थ आहे, पण दडलेला नाही. तो भर उजेडात, कथेच्या पृष्ठभागावर पडलेला असतो. दडलेलं शोधण्याचा नाद लागला, की उघडं दिसेनासं होतं. 'ब्लॅक पँथर'मध्ये (2018) किलमाँगर ब्रिटनमधल्या एका संग्रहालयात काचेआडच्या आफ्रिकी वस्तूंपुढे उभा राहतो आणि तिथल्या बाईंना विचारतो, या तुमच्या पूर्वजांनी मिळवल्या कशा? यात कसली खूण उलगडायची? प्रश्न सरळ तोंडावर फेकला आहे. पण आमच्या तरुण मित्राला त्या प्रसंगात रंगांची संगती दिसली. मला दिसल्या घंटा. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक, भीमाशंकरला एक. आपल्याला त्या विजयाच्या खुणा वाटतात, आणि त्या आहेतच. वसईच्या एखाद्या कॅथलिक आजीला त्या कशा ऐकू येत असतील, हे मात्र किलमाँगरचा प्रसंग पाहिल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं. सिनेमानं काम केलं ते एवढं. त्याला गुप्त लिपीची गरज पडली नाही.

आणि आता ट्रेन. हा प्रसंग विरारकरानं पाहिलाच पाहिजे. सॅम रेमीच्या 'स्पायडरमॅन 2'मध्ये (2004) बेभान सुटलेली ट्रेन पीटर पार्कर जाळी फेकून, दोन्ही हात ताणून, छातीवर झेलून थांबवतो आणि शुद्ध हरपून पुढे कोसळायला लागतो. मुखवटा आधीच गेलेला. आतले प्रवासी त्याला धरतात, डोक्यावरून हातोहात मागे नेतात, हळूच खाली ठेवतात. चेहरा बघतात तर कोवळं पोर. दोन मुलं मुखवटा परत आणून देतात आणि कोणाला सांगणार नाही म्हणतात.

तरुण म्हणाला, पसरलेले हात म्हणजे क्रूस. हा ख्रिस्त आहे, संपूर्ण प्रसंगच उत्तमशुक्रवार आहे. वसई रोडला चढणारे, पापडीचे एक गृहस्थ शेजारी उभे होते. क्रूस त्यांच्या घरचा. त्यांनी शांतपणे विचारलं, "ते कळलं रे. पण त्याला उचललं कोणी?"

मंडन करायचंय ते मला याच प्रश्नावर. क्रुसाचा संकेत तिथं आहे, तो दिग्दर्शकानं मुद्दाम ठेवला असेल, मी नाकारत नाही. पण तो प्रसंगाचं अर्धंच अंग सांगतो. उरलेलं अर्धं अंग प्रवाशांच्या हातांत आहे. आमच्या डब्यात गर्दीतून पिशवी रॅकवर कशी जाते ते आठवा. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही. डोक्यांवरून हात येतात, पिशवी पुढे सरकते, बरोबर जागेवर बसते. गर्दीत चक्कर आलेला माणूस खिडकीपाशी कसा पोचतो तेही आठवा. सिनेमातल्या त्या पोराकडे बळ होतं, पण ट्रेन थांबल्यावर ते संपलं. त्यानंतरचं काम लोकलच्या गर्दीला रोज येतं तेच होतं. आणि गुपित पाळायचं ठरवतात तेही प्रवासीच. मुखवटा त्याला लोकांनी दिलेला आहे. ज्याचा चेहरा ओळखला तर घर उघड्यावर पडेल, त्याला दिलेलं ते संरक्षण आहे. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मधला (2005) माधव आपटे आठवतो. बँकेतला कारकून, अंगावर रोजचाच शर्ट, एके दिवशी उखडतो आणि बॅट घेऊन शहराशी भिडतो. त्याच्याजवळ सगळं आहे, फक्त मुखवटा नाही. म्हणून तो सुपरहिरो होत नाही, पोलिसांना हवा असलेला माणूस होतो.

इथं तिसरा पक्ष उभा राहतो आणि हा खरा तगडा आहे. तो म्हणतो, असेल अर्थ, पण घातक आहे. हे सिनेमे आपल्याला एका बाहुबलीची वाट बघायला शिकवतात. नळाला पाणी नाही तर अर्ज, मोर्चा, मतपेटी सोडून आपण आकाशाकडे बघत बसतो. या आक्षेपापुढे मला मान तुकवावीशी वाटते, कारण वसईत याच्या उलटं घडलेलं मी जाणतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. एका बाजूला बिल्डर, दुसऱ्या बाजूला गावांतल्या विहिरी उपसून नेणारे टँकर. फादर पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, बायबल सोप्या मराठीत आणलं म्हणून त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण झग्याला झूल समजून त्यांना कोणी सुपरमॅन केलं नाही. माणसं रस्त्यावर आली म्हणून ते घडलं.

तरीही मान पूर्ण तुकवत नाही. कारण आक्षेप घेणारा सगळ्यात वाईट सिनेमे समोर ठेवून सगळ्यांना फाशी देतो. चांगल्या सुपरहिरोपटात एकट्या माणसाचं येणं ही आनंदाची बातमी नसते. बाकी सगळं हरल्याची ती कबुली असते. विक्रमादित्य मोटवानेचा 'भावेश जोशी सुपरहिरो' (2018) बघा. 2011 च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या हवेत काही मित्र डोक्यावर कागदी पिशव्या घालून लहानसहान अन्यायाचे व्हिडिओ करू लागतात. पुढे एक जण पासपोर्टसाठी लाच देऊन मोकळा होतो. भावेश देत नाही, महापालिकेचं पाणी पळवणाऱ्या टोळीच्या मागे लागतो आणि मारला जातो. लाच दिलेला मित्र मग मुखवटा चढवतो. म्हणजे या मुखवट्याआड शौर्य नंतर येतं, आधी शरम असते. चित्रपट चालला नाही. त्यातला भ्रष्ट राजकारणी निशिकांत कामत यांनीच रंगवला आहे. माधव आपटेला रस्त्यावर उतरवणारा दिग्दर्शक, आणि इथं त्याच्याच विरुद्ध बाजूला उभा! अशा योगायोगावर गूढार्थवाले व्हिडिओ का करत नाहीत कोण जाणे.

आक्षेप घेणाऱ्यानं हेही बघावं, की हिशेब मागायला हे सिनेमे स्वतःच शिकले आहेत. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या (2016) सुरुवातीच्या भागातच आधीच्या सिनेमात कोसळलेल्या इमारतींच्या धुळीतला प्रसंग खालून वर बघणाऱ्या माणसाच्या नजरेनं येतो. वर दोघे उडत लढताहेत; खाली कर्मचारी ढिगाऱ्याखाली. ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत चौमजली इमारतीचा भाग कोसळून 17 माणसं गेली. पडद्यावर इमारत पाडायला परग्रहावरून कोणीतरी यावं लागतं.

पाण्याचंही तसंच. वसई-विरारसाठी सूर्या प्रकल्पाचं वाढीव 185 दशलक्ष लिटर पाणी आलं, तेव्हा इथं हायसं वाटलं. हे पाणी धामणीच्या धरणाचं. डहाणू-विक्रमगड-पालघरकडच्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की ते शेतीसाठी होतं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर या गोष्टीतला वाचवणारा कोण आणि पळवणारा कोण, हे मला इथं बसून सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तेरा वर्षांच्या भाच्याबरोबर 'भावेश जोशी' मोबाईलवर पुन्हा पाहत होतो. पाइपलाइनला भोक पाडून टँकर भरायचा प्रसंग आला, तसा तो उठून बसला.

"मामा, हे आपल्याकडचं आहे ना?"

मी हो म्हटलं. पुढचं त्या दिवशी राहिलं. खाली हॉर्न वाजला, आणि टाकीचं झाकण उघडायची पाळी आमच्या घराची होती.