भटारखाना आमचा, खातेवही दुसऱ्याची

'हॉटेल लाइन' म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात दोनच माणसं डोळ्यांसमोर येतात: शेगडीपाशी उभा असलेला बावर्ची आणि ट्रे घेऊन धावणारा वेटर. बी.कॉम. झालेली मुलगी म्हणाली की मला रिसॉर्टच्या अकाउंट्स खात्यात नोकरी करायची आहे, तर घरादाराला एकदम शरियत आठवते. तिचाच भाऊ दुबईच्या हॉटेलात वेटर म्हणून निघाला की हार घालायला अर्धा मोहल्ला जमतो. हा दुटप्पीपणा आता बोलून दाखवायला हवा.

पहिला आक्षेप दारूचा. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दारूच्या संदर्भात दहा जणांवर लानत सांगणारी हदीस आपल्याला माहीत आहे. तिच्यात पिणारा आहे, तसा पाजणाराही आहे आणि वाहून नेणाराही आहे. म्हणजे बाटली टेबलावर नेणारा वेटर तिथे सरळ सापडतो. त्याला आजवर कुणी अडवलं? त्याचे पैसे घरी येतात, मशिदीच्या चंद्यात त्याची पावती फाटते आणि सगळे गप्प बसतात. मुलगी वही लिहायला निघाली की मात्र फतव्याची घाई होते. व्याजाच्या बाबतीत लिहिणाऱ्याचाही उल्लेख आहे, हे मान्य. पण खोली भाड्याने देणं म्हणजे व्याज नव्हे. ज्यांना हा प्रश्न खरोखर छळतो त्यांनी निदान भावाबहिणीला एकच माप लावावं. आणि जिचं मन मानत नाही तिने दारू न विकणारं हॉटेल निवडावं. मक्का-मदिनेत हाजींसाठी उभी असलेली प्रचंड हॉटेलंही हिशोबाशिवाय चालत नाहीत.

दुसरा आक्षेप रात्रपाळीचा. रात्री काम करतो तो नाइट ऑडिटर. तो दिवस बंद करतो, प्रत्येक खोलीचं भाडं आणि कर पाहुण्याच्या खात्यावर चढवतो, बिलं जुळवतो. बाकीचं खातं बहुतेक दिवसाच चालतं. सकाळी इन्कम ऑडिटर रात्रीचे आकडे तपासतो. कोठारातून मटण किती उचललं आणि प्लेटा किती विकल्या, याचा मेळ कॉस्ट कंट्रोलर घालतो. ट्रॅव्हल एजंटांकडची थकबाकी वसूल करणारे वेगळे. या सगळ्यांच्या वर फायनान्शियल कंट्रोलर. आपल्या मुली नर्स म्हणून रात्रपाळी करतातच. तेव्हा रात्र हे निमित्त आहे.

हे काम म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकीही नाही. 100 खोल्यांपैकी 60 खोल्या सरासरी 5,000 रुपयांनी गेल्या, तर दिवसाचं उत्पन्न 3 लाख. म्हणजे हॉटेलातल्या प्रत्येक खोलीमागे 3,000. हॉटेलचा धंदा बरा की वाईट, हे मालक याच आकड्यावरून जोखतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. दर 7,400 ठेवायचा की 7,600, हा सल्ला देणारा माणूस मालकाच्या शेजारी बसतो. हॉटेलांची स्वतंत्र हिशोबपद्धती 1926 साली न्यूयॉर्कमध्ये तयार झाली आणि सुधारत सुधारत आज जगभर वापरली जाते. ती शिकलेल्याला गोव्यात, मुंबईत किंवा दोहामध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मोगल दरबारात खान-ए-सामान हा बादशाही कोठारांचा, कारखान्यांचा आणि त्यांच्या खर्चाचा प्रमुख अधिकारी होता. त्याच शब्दाचा खानसामा झाला आणि इंग्रजी अमदानीत तो साहेबासाठी स्वयंपाक करू लागला. शब्द घसरला तसे आपणही घसरलो. हिशोब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम हे मराठी वहीतले शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, लिहायला नकार देऊ नये असं बजावते. ती तोंडपाठ असलेला समाज वहीपासून दूर पळतो, याला काय म्हणावं?

2006च्या सच्चर अहवालाने दाखवून दिलं की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमान फार कमी आहेत. बाहेरचे दरवाजे आपल्यासाठी नेहमी सताड उघडे नसतात, आडनाव वाचून अर्ज बाजूला पडतात, हेही खरं. पण त्यासाठी लढायचं तर आधी अर्ज करणारे हवेत, आणि ते आपण घरातच थांबवतो.

जमातीने एक वर्ष जलशाचा मंडप लहान घालावा. त्या पैशांतून दहा मुला-मुलींना टॅली, जीएसटी आणि हॉटेलचं सॉफ्टवेअर शिकवावं, सीएमए किंवा सीए करणाऱ्यांची फी भरावी. बिर्याणी आपली असल्याचा अभिमान खुशाल बाळगा. पण त्या बिर्याणीची प्लेट कितीला पडली आणि कितीला विकली, हे ज्याला माहीत असतं, बावर्चीचा पगारही तोच ठरवतो.