घरबसल्या लेखनाचे दुखणे

व्यवसायाबरोबर दुखणीही बदलतात, हे आपल्याला नवे नाही. गिरणीतल्या कापसाच्या तंतूंनी कामगारांना छातीचे विकार जडत, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांना शिशाची बाधा होई, वर्गात अखंड बोलून शिक्षकांचा घसा बसे. या दुखण्यांना नावे मिळाली, म्हणून त्यांवर उपायही शोधले गेले. आज मात्र आपल्याच घराच्या एका कोपऱ्यात बसून संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिणाऱ्याचे दुखणे घरात कोणी दुखणे मानत नाही. लिहिणारी व्यक्ती सून असेल, नुकताच पदवीधर झालेला मुलगा असेल किंवा निवृत्त झालेले आजोबा असतील. ‘घरीच तर असते’ या तीन शब्दांत तिचा अख्खा दिवस निकालात निघतो.

या कामाचे गणित एकदा नीट मांडून पाहावे. समजा, शब्दाला ४० पैसे असा दर ठरला. ८०० शब्दांच्या लेखाचे ३२० रुपये झाले. विषयाचे वाचन, सांगितलेले शोधशब्द ठरावीक वेळा बसवणे, लेखन आणि दोनदा दुरुस्ती यांत पाच तास गेले, तर ताशी ६४ रुपये पडले. मराठीत तर आणखी एक मेख आहे. आपली भाषा प्रत्यय आणि अव्यये शब्दाला जोडून लिहिते. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा आपला एक शब्द. तेवढ्याच अर्थासाठी इंग्रजीला पाच-सहा शब्द खर्चावे लागतात. म्हणजे इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्याचे पैसे मराठी शब्द मोजून दिले, तर सगळा अर्थ उतरवूनही त्याची मिळकत आक्रसते. म्हणून अनुवादाचा दर मूळ मजकुराच्या शब्दांवरच ठरवून घ्यावा.

पैशाचे हे झाले. मनाचे त्याहून अवघड. ‘नमुना’ म्हणून फुकट लिहून घेतलेला लेख, लेखकाचे नाव न छापण्याची अट, रातोरात मागितलेली दुरुस्ती, आणि देयक पाठवल्यावर पलीकडची शांतता. त्यात २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि ‘हे तुम्हीच लिहिले कशावरून?’ हा प्रश्न वाढला. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणारी साधने निर्णायक नाहीत. चॅटजीपीटी घडवणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. तरीही असल्या साधनाच्या भरवशावर स्वकष्टाचा लेख परत येतो, तेव्हा अपमान केवळ लेखाचा होत नाही.

वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि मोबदला यांच्या असमतोलाची संकल्पना मांडली. मोबदला म्हणजे निव्वळ पैसा नव्हे. मान आणि उद्याची शाश्वतीही त्यात येते. श्रम अधिक आणि ही तिन्ही अल्प, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली, तर ताण शरीरात मुरतो. हृदयविकार आणि नैराश्य यांच्याशी या असमतोलाचा संबंध पुढील संशोधनांतून आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या अशा थकव्याची तीन लक्षणे दिली आहेत: शक्तिपात, कामाविषयी तुटलेपणा अथवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना. हा आजार नव्हे, असेही तेथे स्पष्ट केले आहे. मात्र दुर्लक्ष करावे असेही ते नाही.

तेव्हा, वाचकहो, घरात कोणी हे काम करत असेल तर काही गोष्टी आवर्जून करा. दर, दुरुस्त्यांची संख्या आणि पैसे देण्याची तारीख काम सुरू होण्यापूर्वी ईमेलवर लिहून घ्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याचा आधार स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्यांनाही मिळू शकतो. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. ती काम घेण्याआधीच करून ठेवणे श्रेयस्कर. या कायद्यानुसार करार काहीही असला, तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. केवळ या तरतुदीचा उल्लेख असलेले सौम्य पत्रही पुष्कळदा उपयोगी पडते.

शरीराकडेही लक्ष हवे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे होतात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली असावा, मनगटे अधांतरी नसावीत. पलंगावर पोक काढून केलेले काम मानेच्या आणि पाठीच्या खाती जमा होते. झोप उडाली, चिडचिड आवरेना, लिहायला बसण्याचीच धास्ती वाटू लागली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

उरलेले औषध मात्र घरातल्यांच्याच हाती आहे. लिहिणाऱ्याचे तास हे कामाचे तास मानावेत. त्या वेळेत दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या आणि पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कोणी सांभाळावा. आणि महिन्यातून एकदा तरी लिहिलेला एखादा लेख वाचायला मागावा. ज्या लेखावर नाव छापलेले नसते, तो कोणाचा आहे हे निदान घराला ठाऊक असावे.