औषध नाही, इख

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विषाला औषध म्हणतात. पऱ्हाटीवर मारायचं औषध, सोयाबीनवर मारायचं औषध. आणि कोणी गेला की गावात एवढंच ऐकू येतं : औषध पेला. पुढं कोणी काही विचारत नाही. तलाठी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो. मंग पहिला सवाल मेलेल्याच्या बायकोला नाही, सातबाऱ्याला विचारला जातो. जमीन कोणाच्या नावावर?

दोस्तांनो, या सवालावरच बोट ठेवायचं आहे. कारण इथंच आपली माणसं हिशेबातून गळतात.

२००५ संपता संपता आणि २००६ च्या सुरुवातीला सरकारने नियम केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना एक लाख. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव. पण जमीन त्याच्या नाहीतर घरातल्याच्या नावावर पाहिजे. कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर लायसनवाल्या सावकाराचं पाहिजे. वसुलीचा तगादा पाहिजे. बसला तो 'पात्र', नाही बसला तो 'अपात्र'. मरणातही पास-नापास! २००६ च्याच जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंगांचं ३७५० कोटींचं पॅकेज आलं. सहा जिल्हे, त्यात आपला बुलडाणा. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. ज्याला वावरच नाही त्याने सिंचन कुठं करायचं, डोक्यावर?

आणि वावर काहून नाही, हेही विचारा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि परत १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, माणसं बायकापोरांसकट जेलात गेली. गायरान कसलं, दगड वेचले, पोट भरलं. २८ नोव्हेंबर १९९१ ला शासननिर्णय निघाला, की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. तरी कितीक ठिकाणी माणूस तीस-चाळीस वर्षं गायरान वाहतो आणि कागदावर तो अतिक्रमणवालाच. जगताना चोर, मेल्यावर अपात्र. त्याचं कर्ज मुकादमाच्या उचलीचं असतं, कृषी केंद्राच्या उधारीचं असतं, बायकोच्या गटाच्या हप्त्याचं असतं. सरकारच्या फारमात या कर्जाला रकानाच नाही. खुद्द बाईने जीव दिला तर ती 'गृहिणी'. निंदण तिने केलं, वेचणी तिने केली, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही.

सरकारचाच आकडा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांच्या आत्महत्या आहेत. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे मजूर जास्त! रोजंदारीवाल्यांचा रकाना आणखी वेगळा, आणि तो सगळ्यांत मोठा. पण भाषणात काय ऐकता? 'बळीराजा'. बळीराजाच्या वावरात पाठीवर पंप घेऊन कोण हिंडतो ते भाषणात येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं मेली. त्यांनी जीव दिला नव्हता, कामावर गेले होते. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने गेलेले मजूर किती तरी होते. इख एकच. ते कामावरही मारते, घरातही मारते.

आता आपल्यातल्याच काहींना विचारायचं आहे. "आत्महत्या हा कास्तकाराचा प्रश्न हाये, आपल्याले काय करायचं?" असं म्हणणारे जयंतीच्या मिटिंगीत पुढं बसतात. दुसरे म्हणतात, बाबासाहेबांचा माणूस असं करत नाही, हे भेकडाचं काम. वा रे पहिलवान! ज्या घरात पोरगं गेलं त्या माऊलीला तू भेकडाची माय म्हणतोस. ती उद्या विहारात येईल? तिचं दुसरं पोरगं मनातलं तुझ्याजवळ बोलेल? माणसाला भेकड म्हटलं की तो गप होतो, आणि गप झालेला माणूसच हातचा जातो. ही मनूची रीत आहे. दुखलं त्यालाच दोषी धरायचं.

अमेरिकेच्या गावागावांत घरात बंदूक असते. तिथं बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्याच हाताने मरतात. म्हणून तिथली शहाणी माणसं आता सांगतात, ज्याचं मन ढासळलं त्याच्या घरातली बंदूक काही दिवस दुसरीकडे ठेवा. आपल्याकडं बंदुकीला १९५९ चा शस्त्र कायदा. ठेवणाऱ्याची चौकशी, शिक्के, लायसन. विषाला १९६८ चा कीटकनाशक कायदा, त्यात लायसन विकणाऱ्याला. घेणाऱ्याला कोण विचारतो? उधारीवर मिळतं, मिठाच्या पुड्यासारखं. एका खोलीचं टिनाचं घर. त्यातच चूल, त्यातच पोरांची पुस्तकं, त्यातच ती बाटली. आमची बंदूक ती हाय.

"मरणारा मरतोच, बाटली नाही तर दोर." हे कंपनीवाला म्हणतो, साहेब म्हणतो, आपलाही माणूस म्हणतो. खोटं आहे. मनाची ती घडी येते आणि जाते. त्या घडीला हाताशी इख नसलं तर माणूस राहतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढं जगतात, नातवंडं खेळवतात. पुरावा पाहिजे? दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेहून आला हे आपण अभिमानाने सांगतो. तिथून ही गोष्टही आणायला पाहिजे होती. तिथल्या सरकारने १९९५ पासून एकेक जहाल विष बाजारातून काढलं. वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आलं. भाताचं पीक काही बुडालं नाही. आणि तिथंच कुलुपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, १८० गावांत. घराघरात पेटी, विष आत ठेवा. २०१७ मध्ये निकाल आला : फरक पडला नाही. कुलूप गरिबाच्या गळ्यात बांधून भागत नाही, कुलूप कारखान्याला पाहिजे.

आपल्याकडं काय झालं? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ मध्येच बंद. २०१३ मध्ये बिहारात सारण जिल्ह्यातल्या शाळेत त्याने २३ लेकरं मारली. तरी कपाशीवर ते चालूच. २०२० मध्ये २७ विषांच्या बंदीचा मसुदा निघाला. २०२३ मध्ये अखेरचा आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदी तिघांवर, आणि मोनोक्रोटोफॉसच्या द्रावणाची नोंदणी रद्द, पण पडलेला माल संपेपर्यंत विका! माल वाया जाऊ नये. माणूस गेला तर चालतो.

मनाच्या दवाखान्याचं तर बोलूच नका. सरकारची चार मनोरुग्णालयं : नागपूर, पुणे, ठाणे, रत्नागिरी. लोणारच्या मजुराने तिथवर जायचं तर दोन रोज बुडाले, तिकीट वेगळं. पण डॉक्टर नाही म्हणून काहीच होत नाही, हेही खरं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचं काम झालं. गावातलीच माणसं शिकवली, घरोघर बोलली. उदासीने पिडलेल्यांत आधी शंभरातल्या चारांना मदत मिळत होती, दीड वर्षात ती सत्तावीसांना मिळू लागली. त्या माणसांजवळ मोठ्या पदव्या नव्हत्या. विहारात बसणारी आपली पोरं-पोरी हे करू शकत नाहीत?

आणि पोलिसाची भीती काढा. इख घेऊन वाचलेल्यावर केस होते म्हणून लोक दवाखान्यात न्यायला कचरतात, वेळ जातो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, असा माणूस तणावात होता असंच धरायचं, शिक्षा नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही. हे वाड्यावाड्यात सांगा. आधी दवाखाना.

येत्या पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास जास्त बसा. गावात दहा वर्षांत कोण कोण गेलं त्याची वही करा. सातबारा असलेले, नसलेले, बाया, सगळे. ती वही घेऊन तहसीलवर जा आणि मजुराला, गायरानवाल्याला नियमात घ्या म्हणून बसा, उठू नका. आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन आहे का, रात्री डॉक्टर असतो का, हे स्वतः जाऊन पाहा. कृषी केंद्रात बंद झालेला माल दिसला तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. विहाराच्या भिंतीवर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. सरकारचाच आहे, रात्री-बेरात्री फुकट लागतो, मराठीत बोलतात. आणि तुमच्या वाड्यात आठ दिवसांपासून कोणी कामावर गेला नसेल, कोणाशी बोलला नसेल, तर मिटिंग नंतर घ्या. आधी त्याच्या घरी जा, जवळ बसा, सरळ विचारा, "मनात जीव द्यायचं येते का बापा?" विचारल्याने कोणी मरत नाही. येताना घरातली बाटली सोबत घेऊन या.