पुराणातला रंग आणि पडद्यावरचा रंग

पुराणकथांवरील चित्रपटांत कोणत्या वर्णाच्या नटाने कोणती भूमिका करावी, हा वाद पाश्चात्त्य जगात वारंवार उफाळून येतो. २०११ साली ‘थॉर’ या चित्रपटात हाइमडाल या नॉर्स देवाची भूमिका इड्रिस एल्बा या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाला मिळाली, तेव्हा बहिष्काराची भाषा झाली. जुन्या नॉर्स काव्यात हाइमडालला देवांमध्ये सर्वांत शुभ्र म्हटले आहे. आक्षेपाला ग्रंथाधार होता, हे मान्य केलेच पाहिजे.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २०१४ च्या ‘एक्झोडस’मध्ये मोझेस आणि इजिप्तचा राजा रॅमसेस या दोन्ही भूमिका गोऱ्या नटांनी केल्या. ‘गॉड्स ऑफ इजिप्त’मध्ये सेट आणि होरस हे देवही गोरेच झाले, त्याबद्दल निर्मात्यांना चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, २०१५ च्या नोव्हेंबरात, क्षमा मागावी लागली. मग दोन्ही पक्ष सारखेच दोषी नव्हेत काय, असा प्रश्न विचारला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. पण त्यात बाजाराचा विचार नाही.

नामांकित नटांवाचून एवढ्या खर्चाच्या चित्रपटाला भांडवल मिळत नाही, असे ‘एक्झोडस’चे दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी स्पष्टच सांगितले होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात दारिद्र्याचे दुष्टचक्र तत्काळ ओळखू येईल. नाव नाही म्हणून भूमिका नाही, आणि भूमिका नाही म्हणून नाव नाही. ज्याला शंभर दारे उघडी आहेत त्याचे एक दार गेले, आणि ज्याला एकच दार होते त्याचे तेही गेले, या दोन हानी समान मानता येत नाहीत.

परंतु परक्यांचा न्याय करताना आपले घरही पाहावे. महाभारतात द्रौपदीचे एक नाव ‘कृष्णा’ आहे, ते तिच्या सावळ्या वर्णावरून. महाभारतकार व्यासही कृष्णद्वैपायनच. तरीही आपल्या चित्रांतील आणि पडद्यावरील द्रौपदी बहुधा गोरीच असते, आणि ग्रंथाधाराची आठवण कोणालाही होत नाही. पुराणाशी इमान राखण्याचा आग्रह सोयीनुसार धरला जातो, तो असा.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात द्रौपदीच्या भूमिकेसाठी निवड चालली होती. सर्वांत स्वच्छ वाणीची मुलगी सावळी होती. तिला दासीचे काम मिळाले. प्रस्तुत लेखक निवड समितीत होता आणि गप्प बसला होता.

पुराणपुरुष इतके नाजूक नसतात. फाळक्यांच्या १९१७ मधील ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, प्रेक्षकांनी त्या मानल्या. पीटर ब्रूक यांनी १९८५ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘महाभारता’त भीष्म आफ्रिकी नटाने साकारला, म्हणून भीष्माच्या प्रतिज्ञेचे तेज उणे झाले नाही.

तेव्हा देव कसा दिसत होता, हा प्रश्न दुय्यम होय. निवडीच्या वेळी दार कोणाला उघडे होते आणि कोणाला नव्हते, हा खरा प्रश्न आहे. तो हॉलिवूडला विचारावा. पण त्याआधी आपल्या स्नेहसंमेलनाच्या समितीला विचारावा.