डोंगराचा उतार कोण मोजतो?

आम्हाला सांगतात, उताराला आडवं पेरा, माती अडवा. बरोबरच आहे. पण राजूर घाटासारख्या डोंगरउतारावर जेसीबी लावून उभा काप घेतला, की मुरूम खालच्या सोयाबीनमध्येच येणार ना?

2020 च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) 1:5 किंवा त्याहून जास्त उतारावर बांधकाम बंद आहे. म्हणजे पाच मीटर आडव्यात एक मीटर चढ. पाण्याची नळी धरून आपला सालदारही मोजून देईल! माळीणला 30 जुलै 2014 ला दीडशेवर माणसं गाडली गेली, तरी आपल्याकडं परवानगीचा कागद आधी अन् उतार नंतर.

माझं म्हणणं एवढंच : प्लॉटच्या नकाशावर उताराचे आकडे लिहा, रस्त्याच्या मोरीचं पाणी नाल्यात सोडा, आमच्या धुऱ्यावर नको. पुढच्या ग्रामसभेत मी नळी घेऊनच जाणार.