न मिळालेली जर्सी चित्रातही चढवू नये

१/ १९५१-५२ च्या हंगामात कॅनडातील पार्कहर्स्ट कंपनीने बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंची १०५ छोटी रंगीत कार्डे काढली. ती सारी नॅशनल हॉकी लीगच्या सहा संघांतील खेळाडूंची. आज संग्राहक त्यांना दस्तऐवजाचे मोल देतात. त्यातूनच एक भ्रम रुजला: ज्याचे कार्ड नाही, तो त्या तोडीचा नव्हताच.

२/ हर्ब कार्नेगी या भ्रमाचे उत्तर आहे. १९१९ साली टोरोंटोत जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू थोरला भाऊ ऑसी आणि मॅनी मॅकइन्टायर यांच्यासह क्यूबेकमधील शेरब्रुकच्या संघातून खेळला. तेथील प्रांतिक लीगमध्ये तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

३/ १९४८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला चाचणीसाठी बोलावले खरे. पण करार देऊ केले ते दुय्यम संघांचे, तेही क्यूबेकमधील मिळकतीपेक्षा कमी पैशांचे. त्याने ते नाकारले. त्या लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओ'री, उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी.

४/ अशा उपेक्षितांची जुन्या धाटणीची कार्डे आज हौशी मंडळी स्वतः घडवतात. शुद्धतावादी त्यांना बनावट म्हणतात. हा आक्षेप टिकत नाही. मूळ संचही एका व्यापाऱ्याची निवड होती. ती काही इतिहासाचा निवाडा नव्हे.

५/ मात्र याच हौसेतून एक अपराध घडू शकतो: कार्नेगीला रेंजर्सची निळी जर्सी चढवण्याचा. हेतू गौरवाचा, परिणाम उलटा. ते कार्ड पाहणाऱ्या मुलाला दार उघडेच होते असे वाटेल. म्हणजे ज्यांनी दार लावले, तेच निर्दोष सुटतील.

६/ लॅरी क्वाँगची गोष्ट वेगळी. चिनी वंशाच्या या कॅनेडियन खेळाडूने १३ मार्च १९४८ रोजी ती जर्सी खरोखरच घातली. त्याला बर्फावर मिळाले जेमतेम एक मिनिट, आणि त्या लीगमध्ये पुन्हा कधीच संधी नाही. त्याच्या कार्डावर रेंजर्स हवेच; पण ते एक मिनिटही हवे.

७/ १९५१-५२ च्या त्या कार्डांची मागील बाजू कोरी होती. नव्या कार्डावर ती कोरी ठेवण्याचे कारण नाही. कार्ड कोणत्या वर्षी घडवले, खेळाडू कोणत्या संघातून खेळला आणि कोणत्या संघाने त्याला घेतले नाही, हे तेथे स्पष्ट लिहावे. वर्ष न लिहिलेले कार्ड उद्या अस्सल म्हणून विकले जाईल.

८/ कार्नेगी २०१२ मध्ये निवर्तला. हॉकी हॉल ऑफ फेमने त्याला स्थान दिले २०२२ मध्ये, तेही खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाच्या उभारणीत योगदान देणाऱ्यांच्या विभागात. खेळाडू म्हणून त्याचे कार्ड घडवणे म्हणूनच आवश्यक आहे. ते शेरब्रुकच्या जर्सीत असावे.