ताप मजुराला, दोषही मजुरालाच?

पावसाळा आला की पुण्यात एक वाक्य ठरलेले असते : "बाहेरून आलेल्या मजुरांनी मलेरिया आणला." आम्ही याला जातीय मानसिकताच म्हणतो. घाण आणि रोग कष्टकऱ्याच्या अंगाला चिकटवायची सवय इथे जुनीच आहे.

विज्ञान काय सांगते? शहरात मलेरिया पसरवणारा मुख्य डास, अॅनोफिलीस स्टिफेन्साय, गटारात नव्हे, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उघड्या टाक्या, स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेले पाणी, लिफ्टचे खड्डे. हे पाणी बिल्डरच्या जागेत आहे. शेजारी पत्र्याच्या खोलीत मच्छरदाणीशिवाय झोपणाऱ्या मजुराला डास आधी चावतो. मग आणले कोणी आणि भोगले कोणी?

निदान अवघड नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतला की रॅपिड टेस्ट 15-20 मिनिटांत सांगते. फाल्सिपेरमला तीन दिवसांच्या एसीटी गोळ्या. व्हायव्हॅक्सचा परजीवी मात्र यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनीही उठतो. म्हणून त्यावर क्लोरोक्विनसोबत 14 दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते. इथेच घोडे अडते. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, मुकादम कामावर बोलावतो, साइट बदलते, गोळ्या अर्ध्यावर सुटतात. आजार परतला की शिक्का तयार : "मजूर निष्काळजी". पण खाडा झाला तर चूल पेटत नाही, त्याचे काय?

1965 मध्ये देशात मलेरियाचे रुग्ण सुमारे 1 लाखावर आले होते. रोग संपला असे समजून यंत्रणा ढिली पडली आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. आता 2030 पर्यंत मलेरिया संपवायचे सरकारी उद्दिष्ट आहे. मजुराला वगळून ते कसे गाठणार?

कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो, तो कामगारांच्या कल्याणासाठी. आमची मागणी सरळ आहे : प्रत्येक साइटवर तापाची तपासणी, उपचार पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा, आजारपणातल्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड बिल्डरला.

1897 च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले. त्यात त्यांचा जीव गेला. त्यांनी रोग्याला दोष दिला नाही, त्याला उपचारापर्यंत पोहोचवले. कार्यकर्त्यांनो, जयंतीला फोटोला हार घालतो, तसे या पावसाळ्यात जवळच्या लेबर कॅम्पवरही जाऊ या.

जय भीम!